वजनकाट्यावरील बैठी रात्रपाळी

नांदेड–हिंगोली मार्गावरील अर्धापूर केळीसाठी प्रसिद्ध असले, तरी इसापूर धरणाच्या कालव्यामुळे या तालुक्यात ऊसही पिकतो आणि भाऊराव चव्हाण सहकारी साखर कारखानाही येथेच, देगाव-येळेगाव परिसरात आहे. तोडलेला ऊस पडून राहिला की त्याचे वजन आणि उतारा, म्हणजे उसातून मिळणाऱ्या साखरेचे प्रमाण, दोन्ही घटत असल्याने गळीत हंगामात साखर कारखान्यांचे गाळप अहोरात्र चालते. रात्रपाळी म्हटली की गव्हाणीपाशी वा बॉयलरवर राबणारा कामगार आठवतो. परंतु त्याच पाळीत वजनकाट्याच्या खोलीत आठ तास बसून काढणाऱ्या लिपिकाचे शरीर वेगळ्या रीतीने झिजत असते.

उसाने भरलेली गाडी काट्यावर घेतली जाते, सर्व चाके काट्याच्या आत असल्याची खात्री होते, पडद्यावरील आकडा स्थिरावला की त्याची नोंद केली जाते; ऊस उतरवून तीच गाडी रिकामी परतल्यावर दुसरे वजन होते आणि दोहोंतील फरक उसाचे निव्वळ वजन म्हणून पावतीवर उमटतो. जुन्या तरफेच्या काट्यावर दांडीवरील वजन हाताने सरकवावे लागे, तर संगणकीय काट्यावर बोटांखेरीज फारसे काही हलत नाही. पोटरीचे स्नायू आकुंचन पावताना पायांतील रक्त हृदयाकडे ढकलतात; ते तासन्‌तास स्वस्थ राहिले की पाय जड होतात आणि पहाटेपर्यंत घोट्यांवर सूज येऊ शकते. जेरी मॉरिस यांनी 1953 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लंडनच्या बसमध्ये जिने चढउतार करणाऱ्या वाहकांपेक्षा बसून गाडी हाकणाऱ्या चालकांत हृदयविकार अधिक आढळला होता.

रात्रीच्या बैठकीत याखेरीज दुसरी अडचण असते. मेंदूच्या तळाशी असलेले जैविक घड्याळ, म्हणजे उजेड-अंधारानुसार झोप, तापमान व पचन यांचा मेळ राखणारी पेशींची यंत्रणा, पाळी बदलली म्हणून लगेच बदलत नाही; या घड्याळामागील जनुकीय यंत्रणेच्या शोधासाठी 2017 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. रक्तातील साखर पेशींपर्यंत पोहोचवणाऱ्या इन्सुलिनचा प्रभाव रात्री मंदावत असल्याने दुपारी सहज पचणारी भाकरी किंवा गोड चहा मध्यरात्रीनंतर रक्तातील साखर अधिक काळ चढती ठेवतो.

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये सुचवलेला आठवड्याचा किमान 150 मिनिटांचा मध्यम व्यायाम आवश्यक असला, तरी तेवढ्याने भागत नाही. मुख्य डबा पाळीच्या आरंभीच उरकणे, पुढे भूक लागल्यास मूठभर फुटाण्यांवर भागवणे, चहातील उत्तेजक द्रव्याचा अंमल कित्येक तास टिकत असल्याने शेवटचा कप पाळीच्या पूर्वार्धात घेणे, सकाळी खोली अंधारी करून झोपणे आणि झोपून उठल्यावर चालायला जाणे, हा क्रम अधिक उपयोगी ठरतो. काट्यावर मात्र रांग लागली असता लिपिकाने मनास येईल तेव्हा उठणे शक्य नसते. उभ्याने काम करता येईल असे उंच टेबल आणि दर दोन तासांनी काट्यावरील व आवारातील कर्मचाऱ्यांची अदलाबदल, या गोष्टी व्यवस्थापनानेच करावयाच्या असतात. शरीराचे तापमान आणि सावधपणा पहाटे नीचांकावर असतात, आणि त्याच वेळी नोंदल्या जाणाऱ्या आकड्यावर शेतकऱ्याचे ऊसबिल निघते. त्यामुळे लिपिकाची तंदुरुस्ती हा त्याचा खासगी प्रश्न मानून कारखान्याला किंवा सभासदाला मोकळे होता येत नाही.