गळाला लागलेला मोठा मासा

गळ टाकून पाण्याकाठी बसलेला माणूस दिसला की येणारा-जाणारा एकच प्रश्न विचारतो, "काय, लागलं का काही?" 'नाही' म्हटले की त्याला मनातल्या मनात रिकामटेकडा ठरवून तो पुढे जातो. गेली वीस-बावीस वर्षे मीही या रिकामटेकड्यांपैकी एक आहे. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो आणि सुट्टी मिळाली की खाडी नाहीतर नदी गाठतो. मासळीवर पोट असणाऱ्या कोळी बांधवांच्या धंद्याविषयी मी बोलणार नाही, तो माझा अधिकार नव्हे. बोलायचे आहे ते हौसेने गळ टाकणाऱ्यांविषयी, आणि त्यातही मला फार उशिरा कळलेल्या एका गोष्टीविषयी.

साहित्य म्हणाल तर फार लागत नाही. कळकाची लवचीक काठी, तंगुसाची दोरी, गळ, थोडे शिसे आणि तरंगायला बुचाचा तुकडा. नदीवर कणकेची गोळी किंवा गांडूळ, खाडीत जिवंत कोळंबी. शहरातल्या दुकानांत चक्री लावलेल्या महागड्या काठ्या मिळतात, त्या चांगल्याही असतात. पण मासा काठीची किंमत पाहून येत नाही, तो येतो पाण्याची वेळ पाहून.

ही वेळ कशी ओळखायची? खाडीकाठची जुनी माणसे घड्याळापेक्षा पंचांग जवळ ठेवतात. मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर एक सोपा हिशेब चालतो. शिक्षक मित्रांनी तो वर्गात फळ्यावर जरूर मांडावा. तिथीला तीनने गुणायचे आणि चाराने भागायचे, म्हणजे भरतीची वेळ येते. समजा पंचमी आहे. पाच त्रिक पंधरा, भागिले चार, म्हणजे पावणेचार. दुपारी पावणेचारच्या सुमारास भरती पुरी होणार, आणि तशीच पहाटेच्या सुमारासही. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधरा धरायचे, म्हणजे सव्वाअकरा येतात. हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतोच. पण भरती रोज सुमारे पाऊण-एक तास पुढे का सरकते, हे मुलांना चंद्राच्या फिरण्यावरून समजावून सांगायला याहून चांगले उदाहरण मला तरी ठाऊक नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण असते, पाणी जोरात धावते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी मंद. आणि मासा चरतो तो पाणी चालत असताना. भरती पुरी होऊन पाणी थबकले की गळाकडे कोणी फिरकत नाही. तेवढ्यात डबा उघडून घ्यावा.

चढत्या पाण्याबरोबर बोयटे आणि कोळंबी खाडीत शिरतात आणि त्यांच्या मागे येतो जिताडा. रायगडकडच्या श्रोत्यांना जिताड्याविषयी मी काय सांगावे! पेण-अलिबागकडच्या खारेपाटात त्याची पिल्ले तळ्यात सोडून वाढवतात, आणि घरी पाहुणा कोण आला आहे त्यावर तळ्यातला केवढा मासा काढायचा हे ठरते. गळाला लागलेला जिताडा पाण्याबाहेर उडी घेतो, डोके झटकतो, दोरी खडकावर घासून तोडतो. त्याला काठावर आणणे ही हौशी माणसाची परीक्षाच.

बारा वर्षांपूर्वी ज्येष्ठात एका धक्क्यावर मला असा एक जिताडा लागला. जवळजवळ नऊ किलोचा. अर्धा तास झुंज चालली. धक्क्यावर गर्दी जमली, कोणी फोटो काढले, कोणी पाठ थोपटली. चार घरी वाटा गेला. पुढे कितीतरी दिवस मी ती हकीकत वर्गातसुद्धा सांगत असे. विषय मागणी-पुरवठ्याचा असला तरी!

नंतर एका प्राणिशास्त्राच्या सहकाऱ्यांनी मला जे सांगितले ते ऐकून मी गप्प झालो. जिताडा जन्मतः बहुधा नर असतो. पहिली काही वर्षे तो नर म्हणूनच काढतो आणि पुरेसा वाढला की त्याची मादी होते. हो, बरोबर ऐकलेत. याचा अर्थ असा, की खाडीतले थोराड जिताडे जवळजवळ सगळे माद्याच असतात. पावसाळ्याच्या दिवसांत त्या खाडीच्या तोंडाशी, खाऱ्या पाण्यात अंडी घालतात, आणि एकेका मोठ्या मादीची अंडी लाखांनीच मोजावी लागतात. पिल्ले मग भरतीबरोबर कांदळवनात आणि खारेपाटात शिरतात. 'लहान सोडावा, मोठा घ्यावा' हा धडा आपण सगळे लहानपणी शिकतो. लहान सोडावा हे खरेच आहे. पण मोठा घ्यावा हे जिताड्याच्या बाबतीत अर्धवट ज्ञान झाले. व्याज सोडून मुद्दलावर हात टाकण्यासारखे, आणि हे मला, अर्थशास्त्राच्या माणसाला, दुसऱ्याने सांगावे लागले.

ऑस्ट्रेलियात हाच मासा 'बारामंडी' या नावाने प्रसिद्ध आहे. तिथल्या क्वीन्सलँड राज्यात हौशी लोकांसाठी नियमच आहे. ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान मासा ठेवायचा नाही आणि १२० सेंटिमीटरपेक्षा मोठाही ठेवायचा नाही. मधला घ्या. खाली पिल्लांना अभय, वर आयांना.

गोड्या पाण्यातही मोठ्या माशाची हाव तशीच. आपल्याकडचा दख्खनी महाशीर घ्या. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले ते पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. महाडजवळ वाळण कोंडीत, काळ नदीच्या डोहात, वरदायिनी देवीचे म्हणून हे मासे लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या राखले आहेत. तिथे गळ टाकत नाहीत, खायला घालतात. पण महाशिराची सर्वांत मोठी जात कावेरीच्या खोऱ्यातली, पाठीवर उंचवटा असलेली. १९४६ मध्ये काबिनी नदीत गळाने धरलेला असा मासा १२० पौंडांचा भरला होता.

पुढे १९७० च्या दशकापासून लोणावळ्याच्या वळवण धरणावर दख्खनी महाशिराची पैदास होऊ लागली. काम मोलाचे होते. त्यातली बोटुकली देशभर गेली, कावेरीतही सोडली गेली. हेतू चांगलाच होता, नद्यांत मासा वाढावा. पण झाले असे की आपला दख्खनी महाशीर कावेरीत फोफावला आणि तिथला मूळचा मात्र दिसेनासा होत गेला. हे कळले कसे? गळवाल्यांच्या वह्यांवरून! कावेरीकाठी गालीबोरे येथे हौशी लोक मासा धरून, मोजून, परत सोडत आणि त्याची नोंद ठेवत. १९९८ ते २०१२ पर्यंतच्या या नोंदी संशोधकांनी तपासल्या आणि २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. २०१८ मध्ये कावेरीच्या त्या माशाला त्याचे नेमके शास्त्रीय नाव मिळाले आणि त्याच वर्षी नामशेष होण्याच्या अगदी काठावरच्या प्राण्यांच्या यादीत त्याची नोंदही झाली.

आता आपल्या ओढ्यांकडे वळू. मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की नदीतले मासे उलट्या धारेने ओढ्यात, शेतात चढतात. कोणी त्यांना चढणीचे मासे म्हणतात, कोणी वळगणीचे. लहानपणी आम्ही कंदील घेऊन बांधावर धावत असू. टोपली भरून मासे येत, आणि एकूण एक गाबोळीने भरलेला. त्या रात्रीचा आनंद मी नाकारत नाही, चवही नाही. पण मासा चढतो तो अंडी घालायला, आणि आमच्या ओढ्यात आता चढायला फारसे कोणी उरलेले नाही. ओढ्यावर बंधारे झाले, शेतात औषधे आली, ही कारणे आहेतच. आमच्या टोपल्याही त्या कारणांत धराव्या लागतात. समुद्रात यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै बंदी असते. ओढ्यावर तेवढे दोन महिने आपले आपण हात आवरायला काय हरकत आहे?

मासा सोडायचा तर नीट सोडावा, नाहीतर तो चार हात जाऊन मरतो. गळाचा उलटा काटा आधीच पक्कडीने चेपून ठेवावा. हात ओले करूनच माशाला हात लावावा, कारण कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच त्याचे रोगापासून रक्षण करतो. कल्ल्यांत बोटे घालू नयेत, तापल्या दगडावर ठेवू नये. धारेकडे तोंड करून पाण्यात हलकेच धरावा. दम आला की तो स्वतःच निसटतो. आणि हो, धरण-तलावांवर मासेमारीचा हक्क बहुधा सहकारी संस्थेचा असतो, आधी विचारून घ्यावे.

शिक्षकांना एक विनंती. नदीकाठच्या शाळेत एक वही घाला. तारीख, तिथी, पाणी गढूळ की निवळ, मासा कोणता, लांबी किती, पोटात गाबोळी होती का, सोडला की ठेवला. मुलांना माशांची नावे आपल्यापेक्षा जास्त येतात, हे पहिल्याच आठवड्यात दिसेल.

माझ्या वहीत त्या नऊ किलोच्या जिताड्याची नोंद आहे. तिथी आहे, भरतीची वेळ आहे, वजनही आहे. गाबोळीचा रकाना मी तेव्हा आखलाच नव्हता.