परीक्षेत न येणारा तास

नांदेड-लातूरकडे मूल पाचवीतून सहावीत गेले की घरात एक शब्द येऊन बसतो : फाउंडेशन. सहावी, सातवी, आठवीच्या मुलांसाठी चालणारे हे वर्ग गणित आणि विज्ञानाचा पाया पक्का करून देतो म्हणतात. नजर मात्र पाच-सहा वर्षांनी येणाऱ्या नीट आणि जेईई या प्रवेश परीक्षांवर असते. शाळा सुटते, डबा धुवायला पडतो, आणि मूल दुसरे दप्तर घेऊन निघते. या दोन शहरांतल्या कॅथलिक शाळांमध्ये मधल्या वर्गांना काय शिकवले जाते हे पाहू लागलो, तेव्हा माझी समजूत होती की मुख्य प्रश्न धर्मशिक्षणाचा असेल. तो आहेच, पण त्याचे उत्तर कायद्याने बरेचसे देऊन ठेवले आहे. ज्याचे उत्तर कोणीच दिलेले नाही असा प्रश्न वेगळा आहे : ज्या तासाला गुण नाहीत, तो तास या गावांत जगणार कसा?

लातूरला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे, पण ते खरे नाही. १९७० मध्ये सुरू झालेल्या राजर्षी शाहू महाविद्यालयाने प्राचार्य अनिरुद्ध जाधव यांच्या काळात जे उभे केले, त्याने मराठवाड्याला मान ताठ करायला शिकवले. जादा तास, सराव परीक्षांमागून सराव परीक्षा, प्रत्येक उत्तरपत्रिका तपासून मुलाच्या हातात परत देणे; यात जादू नव्हती, मेहनत होती. शेतकऱ्याची, शिक्षकाची, कारकुनाची मुले वैद्यकीय महाविद्यालयांत गेली. ‘लातूर पॅटर्न’ हे नाव राज्यभर आदराने घेतले गेले ते त्यामुळे. मात्र तो पॅटर्न अकरावी-बारावीसाठी होता. राज्यमंडळाची परीक्षा मागे पडून नीट पुढे आली, शिकवणीचा व्यवसाय लातुरात आणि नांदेडात वाढत गेला, आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलांसाठी आखलेली शिस्त खाली सरकत अकरा वर्षांच्या मुलांपर्यंत पोचली. २०२४ मध्ये नीट पेपरफुटीच्या तपासाचे धागे लातूरपर्यंत आले, तेव्हा साऱ्या जिल्ह्याला त्याचा चटका बसला. पण सहावीच्या मुलाचे बालपण त्याआधीच या शर्यतीत ओढले गेले होते, आणि त्याची बातमी कुठेच झाली नाही.

आता कॅथलिक शाळा. मराठवाड्यात कॅथलिक वस्ती फार थोडी. अमरावती धर्मप्रांतातून वेगळा काढून औरंगाबाद धर्मप्रांत स्थापन झाला तो १७ डिसेंबर १९७७ रोजी. त्याआधीचे काम मुख्यतः संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाने चालणाऱ्या संघाचे. फ्रान्सच्या सॅव्हॉय भागातून आलेल्या या धर्मगुरूंनी नागपूर हे आपले केंद्र केले आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते गोदाकाठच्या खेड्यांत उतरले. संभाजीनगरची सेंट फ्रान्सिस शाळा त्याच संताच्या नावाची. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात जेझुइट संघाच्या धर्मगुरूंनी खेडोपाडी मराठी शाळा काढल्या. संगमनेरची ज्ञानमाता ही त्या परंपरेतली. मराठवाड्याच्या शहरांत मात्र मागणी आली ती इंग्रजी शाळेची, आणि ती आली बिगर-ख्रिस्ती पालकांकडून. त्यामुळे नांदेडसारख्या गावात अशा शाळेच्या प्रार्थनेच्या रांगेत हिंदू, मुसलमान, बौद्ध, शीख मुले शेजारी शेजारी उभी असतात आणि ख्रिस्ती मुले त्यांत मोजकीच. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये जिथे देह ठेवला, त्या गावात हे दृश्य कोणाला परके वाटत नाही.

या शाळांचा अभ्यासक्रम ‘कॅथलिक’ आहे असे म्हणावे तर वेळापत्रकातला फारच थोडा भाग त्यात बसतो. संविधानाच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा अधिकार दिला. पाठ्यपुस्तके मात्र ज्या मंडळाशी शाळा जोडलेली आहे त्याचीच. राज्यमंडळाची असेल तर बालभारतीची, सीबीएसई असेल तर एनसीईआरटीच्या वळणाची. एनसीईआरटीने सहावीची नवी पुस्तके २०२४ मध्ये आणि सातवी-आठवीची २०२५ मध्ये आणली. त्यांत ‘कौशल बोध’ नावाचे व्यवसाय शिक्षणाचे पुस्तक आहे. माती-रोपे-प्राणी यांच्याशी निगडित काम, यंत्र व साहित्याचे काम आणि माणसांच्या सेवेचे काम, असे वर्षाला तीन प्रकल्प, तीन वर्षांत नऊ. कागदावर ही योजना मला फार आवडते. सोयाबीन आणि तुरीच्या जिल्ह्यात वाढणाऱ्या मुलाने शाळेच्या आवारात वाफा करावा, बी पेरावे, किडीची नोंद ठेवावी, यापेक्षा चांगले विज्ञान कुठले? पण याच पुस्तकाविषयी पालक पहिला प्रश्न विचारतात, ‘याला मार्क आहेत का?’

उरतो तो आठवड्यातला एखाद-दुसरा तास. कॅथलिक शाळांची जुनी रीत अशी की त्या तासाला ख्रिस्ती मुले धर्मशिक्षणाला जातात आणि बाकीची मुले त्याच वेळी नीतिशिक्षण, म्हणजे आजच्या भाषेत मूल्यशिक्षण, घेतात. यामागे संविधानाचे कलम २८ (३) उभे आहे : मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेतल्या कोणालाही त्याच्या, आणि अल्पवयीन असेल तर पालकाच्या, संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. २०२४ मध्ये भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने आपल्या शाळांना मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यांतही हेच ठासून सांगितले : इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती रीतिरिवाज लादू नका, संविधानाची उद्देशिका रोज म्हणा, सर्व धर्मांसाठी प्रार्थनेची जागा ठेवा. उद्देशिकेचे वाचन महाराष्ट्राच्या शाळांना नवे नव्हते. २६ जानेवारी २०२० पासून ते परिपाठात आलेच होते.

कायद्याने आणखी एक दार उघडे ठेवले आहे, आणि त्याचा उपयोग फार कमी शाळा करतात असे माझे मत आहे. १९७१ मध्ये पंजाबातल्या डीएव्ही कॉलेजच्या खटल्यात गुरू नानकांच्या जीवनाचा आणि शिकवणुकीचा अभ्यास करणे म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. पुढे २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यात धर्माचे शिक्षण आणि धर्मांविषयीचे शिक्षण यांतली रेघ न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केली. नांदेडच्या सातवीतल्या मुलीला गुरुद्वाऱ्यात लंगर कसा चालतो, मोहरमची परंपरा काय, धम्मचक्र प्रवर्तन दिन का पाळतात, नाताळाच्या गव्हाणीची गोष्ट कुठून आली, हे सगळे एका तासात शिकवायला कोणाचीच आडकाठी नाही. कॅथलिक शाळेने ते केले तर तिच्याइतके ते दुसऱ्या कोणाला शोभणार नाही, कारण वर्गातच ही सारी घरे बसलेली असतात.

कॅथलिक शिक्षणाची मुळे पाहिली तर हा तास सुरुवातीपासून लहानच होता. जेझुइटांनी १५९९ मध्ये आपल्या शाळांसाठी जी नियमावली पक्की केली, तिच्यात मधल्या वयाच्या मुलांचा जवळजवळ सगळा वेळ लॅटिन व्याकरण, पाठांतर आणि उजळणी यांत जाई. धर्मशिक्षण आठवड्याच्या शेवटी, शुक्रवारी किंवा शनिवारी. मुलांमध्ये चुरस लावण्याचीही पद्धत होती. पण शिकवणाऱ्याने स्वतः मुलावर हात उचलू नये, घरी करायचा धडा आधी वर्गात समजावून सांगावा, थकल्या मुलाला पुढे रेटू नये, हेही तीच परंपरा सांगत होती. चुरस होती, तिला हद्दही होती. आज लातुरातल्या सहावीच्या मुलाला नेमकी ती हद्द उरलेली नाही.

शासनाच्या शाळांतही हा तास होताच. १९९७ मध्ये महाराष्ट्राने मूल्यशिक्षण आणले तेव्हा दहा मूल्ये ठरवली : राष्ट्रभक्ती, सर्वधर्मसहिष्णुता, स्त्री-पुरुष समानता, वैज्ञानिक दृष्टिकोन, श्रमप्रतिष्ठा, वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा आणि बाकीची. ती भिंतीवर रंगली आणि बऱ्याच ठिकाणी भिंतीवरच राहिली. पण या विषयात सर्वांत मोलाचे काम मराठवाड्याच्याच दुःखातून निघाले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, माणसे गाढ झोपेत होती. दगड-मातीच्या जड भिंती आणि माळवदे अंगावर आली. हजारो माणसे गेली. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने त्या भागातली सुमारे १२०० मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली. त्या मुलांसोबत राहूनच शाळा आणि घडण यांचा विचार पुढे गेला, आणि २००९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ५०० शाळांत मुथ्था फाउंडेशनने ‘मूल्यवर्धन’ सुरू केले. उपदेश टाळून मुलांना जोडीत, गटात बोलायला लावायचे, खेळायला आणि निर्णय घ्यायला लावायचे. कॅथलिक शाळांच्या मूल्यशिक्षणाच्या पुस्तकांत अजूनही बोधकथा आणि तिच्याखाली प्रश्न अशी मांडणी सापडते. बीडच्या जिल्हा परिषद शाळांकडून त्यांनी हे शिकायला हरकत नाही.

किल्लारीचाच धागा धरून पुस्तकात शिरू या. बालभारतीच्या आठवीच्या भूगोलात ‘पृथ्वीचे अंतरंग’ हा पाठ आहे आणि सामान्य विज्ञानात ‘आपत्ती व्यवस्थापन’. कवच, प्रावरण, गाभा यांची आकृती मुले रंगवतात, भूकंपलहरी पाठ करतात. दख्खनचे पठार स्थिर समजले जाई, तिथे एवढा विनाश कसा झाला, हा प्रश्न औसा-निलंगा भागातल्या मुलाच्या घरातच आहे. त्याच्या आजीने ती पहाट पाहिलेली असते. तिच्याशी बोलून एक पान लिहून आण, असे शिक्षकाने सांगितले तर भूगोल, विज्ञान, मराठी आणि मूल्यशिक्षण हे चारही तास एकाच पानात येतात. नव्या गावांतली घरे जुन्यापेक्षा वेगळी का बांधली, गल्ल्या रुंद का झाल्या, शेजारपण का विस्कटले, हे ते पान सांगेल. परीक्षेत मात्र त्या पानाला जागा नाही.

इतिहासाचेही तसेच. बालभारतीच्या आठवीच्या इतिहासात हैदराबाद मुक्तिसंग्राम येतो, स्वामी रामानंद तीर्थ येतात. पण एनसीईआरटीच्या, देशभरासाठी लिहिलेल्या पुस्तकात उमरीला कुठून जागा मिळणार? आणि उमरी तर नांदेड जिल्ह्यातलीच. जानेवारी १९४८ मध्ये मुक्तिसंग्रामाच्या कार्यकर्त्यांनी तिथली बँक ताब्यात घेतली, लढ्यासाठी पैसा उभा केला. निजामाच्या राज्यात उच्च शिक्षण उर्दूतून होते आणि मराठी शाळा काढणे हेच एक राजकीय कृत्य होते. १९२१ मध्ये सुरू झालेल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत स्वामीजी शिक्षक होते, पुढे ते अंबाजोगाईच्या योगेश्वरीत आले. या भागाचे स्वातंत्र्य शाळामास्तरांनी घडवले आहे. त्या भागातली इंग्रजी शाळा, मग ती कॅथलिक असो वा कोणाची, १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, झेंडावंदन करून मुलांना घरी सोडत असेल, तर ती आपल्याच धंद्याचा इतिहास मुलांना सांगायचा विसरते.

मराठीचा प्रश्न यातूनच येतो. २०२० च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. अंमल पहिली आणि सहावीपासून टप्प्याटप्प्याने, मोडणाऱ्या शाळेला एक लाखापर्यंत दंड. राज्यमंडळाच्या इंग्रजी शाळांत मराठीला ‘सुलभभारती’ असते. सक्तीने तास मिळतो, गोडी नाही. गोडीसाठी कॅथलिक शाळांना कुठे लांब जायचे कारण नाही. इंग्लंडातून गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये क्रिस्तपुराण छापले, जवळपास अकरा हजार ओव्यांचे. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये लातूरला लागून असलेल्या तेव्हाच्या उस्मानाबादेत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. मराठवाड्याच्या मातीवर एका कॅथलिक धर्मगुरूने मराठीचा तो मान घेतला, आणि तेव्हा सहावीत असलेली मुले आज महाविद्यालयात आहेत. त्यांच्यापैकी किती जणांना शाळेने हे सांगितले असेल, याची मला खरोखर काळजी वाटते.

अल्पसंख्याक शाळांचे कायदेशीर स्थान सध्या पुन्हा चर्चेत आहे. २०१४ च्या प्रमती निकालाने शिक्षणहक्क कायदा या शाळांना लागू नाही असे ठरले होते. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने त्या निकालाबद्दल शंका घेऊन तो मोठ्या पीठाकडे पाठवावा म्हटले. निकाल कसाही लागो, वेळापत्रकातला तो तास त्याने वाचणार नाही. मुख्याध्यापकांवर दबाव येतो तो पालकसभेत. ग्रंथालयाचा तास काढून गणिताचा जादा तास द्या, खेळाच्या तासाला चाचणी घ्या, फाउंडेशनवाल्यांना शाळेतच बोलवा. जी शाळा याला ‘नाही’ म्हणते तिची पटसंख्या पुढच्या जूनमध्ये घसरू शकते. त्या ‘नाही’ची किंमत काय असते हे मला कळते, आणि तरीही ते म्हणायची ताकद या गावांत कोणाकडे असेल तर ती या शाळांकडे आहे. त्यांच्या प्रवेशाला रांग असते, शिस्तीवर लोकांचा विश्वास असतो, आणि पैशापलीकडचे काही सांगण्याचे त्यांचे ब्रीद असते.

राष्ट्रीय धोरणाने सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितले आहे. नांदेडच्या शाळेला कंधारचा किल्ला आणि होट्टलची मंदिरे जवळ आहेत, लातूरच्या शाळेला खरोशाची लेणी, उदगीरचा किल्ला आणि किल्लारी. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेले लातूर आहे. त्या पाण्याचा हिशोब आठवीच्या गणितात सहज बसतो. मांजरा धरणावर एक दिवस, बाजार समितीत सोयाबीनच्या सौद्याला एक दिवस, जिल्हा रुग्णालयाच्या प्रतीक्षागृहात अर्धा दिवस; डॉक्टर व्हायचेच असेल तर रुग्ण कसा वाट पाहत बसतो हे बाराव्या वर्षी पाहिलेले बरे. याला फार पैसा लागत नाही. जूनचे वेळापत्रक एप्रिलमध्ये बसते. त्या बैठकीत हे दहा दिवस आधी लिहावेत आणि चाचण्यांच्या तारखा उरलेल्या दिवसांत बसवाव्यात.