काचपेटीतील हिरवळ

घरातील काचपेटीत लावलेली पाणवनस्पती ही केवळ शोभेची वस्तू नव्हे. माशांच्या श्वासालाही तिचा आधार असतो. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सोनमाशांसोबत व्हॅलिस्नेरिया लावली होती. उजेडात ती प्राणवायू सोडी. परंतु तिची जुनी पाने कुजून पाणी गढुळले. गोगलगाईंनी ती पाने खाल्ली, तेव्हा पाणी निवळले. तात्पर्य, पिवळी पाने वेळीच खुडावीत. मुळे वाळूत पुरावीत, पण रोपाचा कोंब उघडा ठेवावा. दिवसाकाठी ८ ते १० तास प्रकाश पुरे; अधिक दिल्यास शेवाळ माजते. रात्री मात्र वनस्पतीही प्राणवायूच घेते. म्हणून हिरवळ कितीही दाट असली, तरी माशांची गर्दी करू नये.