दम्याचे सुरक्षित औषधोपचार : इनहेलरविषयीची भीती आणि वस्तुस्थिती

प्रस्तावना

दमा हा श्वासनलिकांचा दीर्घकालीन आजार असून त्याचे मूळ या नलिकांच्या आतील अस्तराला आलेल्या सुजेत आहे. धूळ, परागकण, धूर, थंड हवा किंवा साधी सर्दी यांचे निमित्त होताच सुजलेल्या नलिका आकुंचन पावतात, त्यांत चिकट कफ साचतो आणि रुग्णास धाप लागते. जागतिक रोगभार अभ्यासाच्या 2019 च्या अंदाजानुसार जगातील दमा रुग्णांपैकी सुमारे 13 टक्के भारतात आहेत. दम्याने होणाऱ्या मृत्यूंत मात्र भारताचा वाटा 40 टक्क्यांहून अधिक आहे. दम्याची औषधे देशातच तयार होतात, हे लक्षात घेता ही तफावत अस्वस्थ करणारी आहे. निदानास होणारा विलंब, खर्च, प्रदूषण अशी तिची कारणे अनेक आहेत. प्रस्तुत लेखात औषधाच्या चुकीच्या निवडीचा तेवढा विचार केला आहे.

पंप की गोळी?

‘एकदा पंप लागला की सुटत नाही’ ही समजूत सुशिक्षित कुटुंबांतही आढळते. त्यामुळे गोळी सौम्य आणि इनहेलर ‘शेवटचा उपाय’ मानला जातो. मात्रेचा हिशेब नेमका याच्या उलट आहे. साल्ब्युटामॉल या औषधाच्या पंपातून एका दाबास 100 मायक्रोग्रॅम औषध मिळते. गोळी 2 किंवा 4 मिलिग्रॅमची असते. म्हणजे 4 मिलिग्रॅमच्या एका गोळीत पंपाच्या 40 दाबांइतके औषध असते. ते रक्तावाटे सर्व शरीरात फिरते, म्हणूनच हात थरथरतात आणि छातीत धडधडते. पंपातील औषध थेट श्वासनलिकेत पोहोचत असल्याने अल्प मात्रा पुरते. पंप दीर्घकाळ वापरावा लागतो, कारण आजारच दीर्घकालीन आहे; मधुमेहाच्या गोळीस कोणी व्यसन म्हणत नाही.

याहून गंभीर प्रश्न घटक न सांगता दिल्या जाणाऱ्या पुड्यांचा आहे. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. दोन दिवसांत आराम पडतो आणि देणाऱ्याची ख्याती वाढते. दीर्घकाळ सेवनाने मात्र हाडे ठिसूळ होतात, रक्तातील साखर वाढते आणि औषध एकाएकी थांबविल्यास जिवास धोका संभवतो. स्टेरॉइडच्या भीतीने पंप नाकारणारा रुग्ण पुडीतून कितीतरी पट अधिक स्टेरॉइड घेत असू शकतो, हा यातील विरोधाभास होय.

आराम आणि नियंत्रण

पंप स्वीकारणाऱ्यांतही एक चूक सार्वत्रिक आहे. तत्काळ आराम देणारा, बहुधा निळ्या रंगाचा पंप तेवढा वापरला जातो. तो आकुंचन पावलेली नलिका मोकळी करतो. सूज तशीच राहते. ब्रिटनमध्ये 1960 च्या दशकात अधिक मात्रेच्या आयसोप्रेनालिन पंपांचा प्रसार झाला, त्याच काळात दम्याचे मृत्यू वाढले. न्यूझीलंडमध्ये 1976 नंतर फेनोटेरॉलबाबत तसेच घडले. कारणांविषयी तज्ज्ञांत वाद झाले. आराम मिळतो म्हणून रुग्णालयात उशिरा पोहोचणे हा धोका मात्र उघड आहे. ‘ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा’ या संस्थेने 2019 मध्ये आपली भूमिका बदलली. प्रौढ व किशोरवयीन रुग्णांस केवळ आराम देणाऱ्या अल्पकालीन औषधावर ठेवू नये, सूज कमी करणारे श्वासावाटे घ्यावयाचे स्टेरॉइड सोबत असावेच, अशी तिची शिफारस आहे. बुडेसोनाईड व फॉर्मोटेरॉल यांचा एकत्रित पंप त्यासाठी वापरला जातो. बरे वाटू लागताच हे औषध परस्पर बंद करणे घातक ठरते. मात्रा डॉक्टरांनीच उतरवावी.

पंप घेण्याची पद्धत चुकली तर औषध घशातच राहते. पंप हलवून, श्वास पूर्ण सोडून, ओठ घट्ट मिटून, दाब देतानाच सावकाश खोल श्वास घ्यावा व सुमारे दहा सेकंद रोखावा. स्पेसर जोडल्यास हे सोपे होते. स्टेरॉइडयुक्त पंपानंतर चूळ भरणे आवश्यक आहे, अन्यथा तोंडात बुरशीचा संसर्ग होतो. नाकाच्या ॲलर्जीवरील गोळ्यांनी शिंका थांबतात, दमा आटोक्यात येत नाही. जुन्या गोळ्यांपैकी क्लोरफेनिरामाइनने झोपही येते, हे वाहन चालविणाऱ्याने ध्यानी घ्यावे.

वर्गात झटका आल्यास

विद्यार्थ्यास आडवे न करता सरळ बसवावे, भोवतीची गर्दी हटवावी आणि त्याचाच आराम देणारा पंप, शक्यतो स्पेसरमधून, एकेक करून चार वेळा द्यावा. काही मिनिटांत उतार न पडल्यास किंवा त्याला सलग वाक्य बोलता येत नसल्यास, ओठ निळसर दिसू लागल्यास 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. ती येईपर्यंत पंप देणे चालू ठेवावे. घरघर थांबली म्हणजे झटका ओसरला, असे गृहीत धरू नये. हवेचा प्रवाह अत्यंत क्षीण झाला की घरघरही ऐकू येत नाही.