मध्यस्थ कंप्रता आणि प्रतिबिंबाचा प्रश्न

10 जुलै 1962 रोजी अवकाशात सोडलेल्या टेलस्टार या उपग्रहाकडे पृथ्वीवरून 6,390 मेगाहर्ट्झ कंप्रतेचा, म्हणजेच वारंवारतेचा, संदेश जात असे. उपग्रहात तो प्रथम 90 मेगाहर्ट्झवर उतरविला जाई, तेथे त्याचे विवर्धन होई आणि मग 4,170 मेगाहर्ट्झवर चढवून तो पृथ्वीकडे धाडला जाई. ही चढउतार कशासाठी करावयाची, आणि भू-केंद्रातील प्रेषक-ग्राही यंत्रणेत ती कशी साधते, हे येथे पाहावयाचे आहे.

हजारो मेगाहर्ट्झच्या रेडिओ कंप्रतेवर अरुंद व काटेकोर गाळणी-मंडले रचणे कठीण असते. प्रत्येक वाहिनीसाठी ती नव्याने जुळविणे तर अव्यवहार्यच होय. म्हणून हवी ती वाहिनी एकाच ठरावीक, खालच्या कंप्रतेवर आणतात. तीच मध्यस्थ कंप्रता. भू-केंद्रांत ती पुष्कळदा 70 मेगाहर्ट्झ असते. रेडिओ-ग्राहीसाठी ही पद्धती एडविन आर्मस्ट्राँग यांनी 1918 मध्ये योजिली. मिश्रकात संदेश व स्थानिक आंदोलकाचा तरंग यांचा गुणाकार होऊन कंप्रतांची बेरीज व वजाबाकी उत्पन्न होते. ग्राहीमध्ये वजाबाकी तेवढी राखतात. संदेशातील आशय तोच राहतो; पालटते ते त्याचे स्थान.

परंतु येथेच एक अडचण उद्भवते. समजा, 3,950 मेगाहर्ट्झची वाहिनी हवी आहे. आंदोलक 3,880 वर ठेवला असता फरक 70 येतो. पण 3,810 चा फरकही 70 च येतो. साध्या मिश्रकाला अंतर कळते, बाजू कळत नाही. या दुसऱ्या कंप्रतेस प्रतिबिंब-कंप्रता म्हणतात. ती 3,700 ते 4,200 या अवरोही पट्ट्यातच पडत असल्यामुळे तेथे दुसरी वाहिनी असू शकते. दोन्ही संदेश 70 वर एकमेकांत मिसळल्यानंतर त्यांना वेगळे करणे गाळणीच्या आवाक्याबाहेरचे असते.

यावर उपाय म्हणजे दोन टप्प्यांत उतरणे. पहिला आंदोलक 2,840 वर ठेवला तर वाहिनी 1,110 वर येते. तिचे प्रतिबिंब आता 1,730 वर, म्हणजे पट्ट्यापासून फार दूर जाते व साध्या गाळणीनेही अडते. 3,810 चा संदेश या टप्प्यात 970 वर उतरतो. त्याला 1,110 वरील स्थिर, अरुंद गाळणी रोखते. नंतर 1,040 चा दुसरा आंदोलक वाहिनीस 70 वर आणतो. वाहिनी बदलताना केवळ पहिला आंदोलक हलवावा लागतो.

प्रेषणात हाच क्रम उलट चालतो. 70 वरून एकदम 6,175 वर जाण्यासाठी 6,105 चा आंदोलक वापरला, तर 6,035 वरही तोच संदेश उमटतो, आणि हे स्थान 5,925 ते 6,425 या आरोही पट्ट्यातीलच आहे. ग्रहणातील प्रमादाने आपली हानी होते. प्रेषणातील प्रमादाने परक्याच्या वाहिनीवर अतिक्रमण होते. म्हणून येथेही मधली पायरी आवश्यक ठरते.

शेवटी आंदोलकाविषयी. त्याची कंप्रता ढळली की तीच चूक संदेशात उतरते. 2,840 मेगाहर्ट्झच्या आंदोलकात दशलक्षांश चूक झाली, तरी संदेश 2.84 किलोहर्ट्झने सरकतो. विस्तृत पट्ट्याच्या दूरचित्रवाणी संदेशास ती नगण्य असेल, पण काही किलोहर्ट्झच्या अरुंद वाहिनीस घातक ठरते. यास्तव सर्व आंदोलक एकाच स्थिर क्वार्ट्झ-स्फटिकाशी बांधून ठेवतात.