पेंग्विनला कुठे जायचंय?

न्यू जर्सीत हायस्कूल पूर्ण करायचं तर परकीय भाषेचे 5 क्रेडिट लागतात. म्हणून नववीच्या माझ्या स्पॅनिशच्या वर्गात पुष्कळ मुलं नाइलाजाने बसलेली असतात. रंग, वार, आकडे, क्रियापदांचे तक्ते हे सगळं मिडल स्कूलमध्ये त्यांच्याकडून घोटून घेतलेलं असतं, पण साधं एक वाक्य बोल म्हटलं की मान खाली जाते.

स्टाफरूममध्ये अशा मुलांना सर्रास आळशी म्हटलं जातं. मला ते मुळीच मान्य नाही. 14-15 वर्षांच्या मुलाला वर्गासमोर उच्चार चुकण्याची धास्ती असते. तोंड न उघडणं हा त्याने शोधलेला बचाव आहे. समजेल अशी भाषा कानावर पडत राहिली की ती येत जाते, पण मनावर दडपण असेल तर ऐकलेलंही आत मुरत नाही, असं स्टीफन क्राशन यांनी 1980 च्या दशकात मांडलं. त्यांच्या सिद्धान्तावर अभ्यासकांचे आक्षेप आहेत. दडपणाबद्दलचं त्यांचं म्हणणं मात्र मी रोज डोळ्यांनी बघते.

कॅलिफोर्नियातले स्पॅनिशचे शिक्षक ब्लेन रे यांनी 1990 च्या दशकात एक पद्धत रुजवली. तिच्यात शिक्षक गोष्ट सांगत नाही, प्रश्न विचारत विचारत ती मुलांकडूनच रचून घेतो. मी त्याच वाटेने जाते. फळ्यावर तीनच शब्द लिहिते: आय, क्येरे, बा. म्हणजे आहे, हवंय, जातो. खाली इंग्रजी अर्थ, कारण अर्थ ओळखण्यात मुलांची शक्ती खर्ची पडायला नको. मग सुरुवात होते. आय उन चीको, एक मुलगा आहे. त्याला कुत्रा हवाय का? हो. कुत्रा हवाय की मांजर? कुत्रा. मांजर हवंय का? नाही. एकच वाक्य असं चहूबाजूंनी फिरवायचं. ऐकणाऱ्याला रटाळ वाटेल, पण मुलांच्या कानांना याच आवृत्त्यांची गरज असते.

एकदा मी विचारलं, ‘के क्येरे?’ नक्की काय हवंय त्याला? मागच्या बाकावर हूडी डोळ्यांपर्यंत ओढून बसलेला एक मुलगा पुटपुटला, ‘पिंग्विनो.’ वर्ग हसला. मी गंभीर चेहऱ्याने म्हटलं, बरोबर, पेंग्विनच हवाय. त्या क्षणापासून गोष्टीतला कुत्रा बाद. पेंग्विन कुठे जातो? ‘नेवार्क,’ पुन्हा तोच. थोड्या वेळाने मी मुद्दाम म्हटलं, मुलाला मांजर हवंय. तो ताडकन सरळ बसला, ‘नो! क्येरो पिंग्विनो!’

‘क्येरो’ म्हणजे मला हवंय, इथे हवं होतं ‘क्येरे’. मी चूक दाखवली नाही. ‘सी, एल चीको क्येरे उन पिंग्विनो,’ एवढंच मोठ्याने म्हणून पुढे गेले. तिथे थांबवून व्याकरण सांगितलं असतं तर हूडी पुन्हा खाली आली असती.

दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट छापून वाचायला देते. स्वतः रचलेली असल्यामुळे मुलं ती वाचतात. प्रत्येक गोष्ट रंगतेच असं नाही. सोमवारी सकाळी तर पेंग्विनही चालत नाही, तेव्हा मी सरळ गाणं लावते.

अडचण येते ती परीक्षेत. सगळ्या तुकड्यांना एकच प्रश्नपत्रिका, आणि तिच्यात पुन्हा क्रियापदांचे रकाने. कोरा कागद द्या, 5 मिनिटं द्या आणि हवं ते स्पॅनिशमध्ये लिहू द्या, एवढीच माझी मागणी आहे. मी वर्गात हे नियमाने करून घेते. लिहिलेले शब्द मोजते, चुका मोजत नाही. हूडीवाल्या मुलाने सुरुवातीला स्वतःचं नाव लिहून पेन ठेवलं होतं. आता त्याचं अर्धं पान भरतं, क्रियापदं अजूनही बरीच चुकतात, आणि घंटा झाली तरी तो कागद सोडत नाही. प्रश्नपत्रिकेच्या रकान्यांत त्याला नापासाचेच गुण पडतात. ते गुण बदलावेत म्हणून मी विभागाच्या प्रत्येक बैठकीत त्याचे हे कागद, नाव झाकून, टेबलावर ठेवते.