पहिली सुरी घडवताना पातं नेमकं कुठे बिघडतं?

लालभडक पोलाद, हातोड्याचे घाव, तेलात बुडवताच उठणाऱ्या ज्वाळा. सुऱ्या बनवण्याचे असे व्हिडिओ पाहून अनेकांना एखादी सुरी स्वतः बनवून बघावीशी वाटते. पण नवशिक्याचं पातं भट्टीइतकंच घासकामातही बिघडतं. वर ते दिसायला चकचकीत असतं, त्यामुळे बिघाड कळतो तो थेट भाजी चिरताना.

कोणतं पोलाद घ्यायचं?

ग्रिल-खिडक्यांसाठी वापरतात त्या साध्या लोखंडी पट्टीत कार्बन फार कमी असतो. ती कितीही तापवली तरी धार टिकण्याइतकी कडक होत नाही. लोहार विळा-कोयत्यासाठी गाडीच्या कमानीचे जुने पाटे वापरतात, कारण त्यात कार्बन पुरेसा असतो. मात्र पाटा जाड असतो आणि जुन्या पाट्यात न दिसणारी तडही असू शकते. म्हणून पहिल्या सुरीसाठी ३ मिलिमीटर जाडीची नवी हाय कार्बन पट्टी सोपी पडते. ‘१०८४’ या पोलादात सुमारे ०.८४ टक्के कार्बन असतो आणि ते घरगुती भट्टीतही सांभाळता येतं.

आकार आणि उतार

आधी पुठ्ठ्यावर सुरीचा आकार कापून तो हातात धरून बघतात. मग तो पट्टीवर आखून हॅकसॉने कापतात आणि कडा कानशीने सारख्या करतात.

यानंतर खरं घासकाम सुरू होतं. पात्याच्या पाठीपासून धारेपर्यंत दोन्ही बाजूंनी धातू कमी करत आणायचा असतो. यालाच उतार काढणं म्हणतात. हिशेब केला तर यातली अडचण कळते. पातं ३० मिलिमीटर रुंद असेल आणि ३ मिलिमीटरची जाडी धारेपाशी अर्ध्या मिलिमीटरवर आणायची असेल, तर प्रत्येक बाजूचा कोन जेमतेम अडीच अंश भरतो. हात थोडा डळमळला की उतार गोल होतो किंवा धार एका अंगाला सरकते.

त्यावर दोन साधे उपाय आहेत. पहिला म्हणजे मध्यरेषा. धारेच्या कडेला मार्करची शाई लावायची. पट्टीच्या जाडीइतकंच ड्रिल बिट सपाट फरशीवर ठेवून त्याच्या टोकाने कडेवर ओरखडा काढायचा. पट्टी उलटून पुन्हा तसंच केलं की मध्य सापडतो. दुसरा उपाय कानशीचा. कानशीला सळई जोडून ती ठरावीक उंचीवरच्या कडीतून सरकवली की कोन बदलत नाही. कानस पुढे ढकलताना कापते, त्यामुळे मागे आणताना दाब द्यायचा नाही.

या टप्प्यावर धार काढायचा मोह टाळावा लागतो. धारेपाशी साधारण १ मिलिमीटर जाडी राखून थांबतात. त्याहून पातळ कड भट्टीत जास्त तापते, वाकते किंवा तडकते.

पाणी देणं

तापवलेलं पातं झटकन थंड करून कडक करण्याला लोहार ‘पाणी देणं’ म्हणतात, मग ते तेलात का बुडवलेलं असेना. लोखंडाला ७७० अंश सेल्सिअसच्या आसपास चुंबक चिकटेनासं होतं. १०८४ ला त्याहून थोडं जास्त, म्हणजे सुमारे ८१५ अंश तापमान लागतं. मग पातं कोमट तेलात बुडवतात. त्यावरून कानस न रुतता घसरली की ते कडक झालं असं समजायचं.

पण आता ते काचेसारखं ठिसूळ असतं, पडलं तरी तुटू शकतं. म्हणून ओव्हनमध्ये सुमारे २०० अंशांवर दोन-दोन तास दोनदा तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करतात.

निळा डाग दिसला तर?

सर्वाधिक घात होतो तो यानंतर. भट्टीआधी घासताना पातं तापलं तरी फारसं बिघडत नाही, कारण पुढे त्याला पाणी द्यायचंच असतं. भट्टीनंतर मात्र २०० अंशांच्या वरची प्रत्येक चटक कडकपणा कमी करते. पातळ धार बेल्ट ग्राइंडरवर काही सेकंदांतच तापते. आधी पिवळसर, मग तपकिरी, जांभळा आणि ३०० अंशांच्या आसपास निळा रंग येतो. पॉलिश केल्यावर तो निघून जातो, पण तिथलं पोलाद मऊच राहतं. असा भाग घासून काढावा लागतो, नाहीतर पात्याला पुन्हा पाणी द्यावं लागतं.

म्हणून अनुभवी कारागीर शेवटचं घासकाम उघड्या हाताने करतात आणि शेजारी पाण्याची बादली ठेवतात. बोटांना ऊब जाणवली की पातं पाण्यात. फिरत्या बेल्टजवळ सुती हातमोजे अडकू शकतात, तेही टळतं. डोळ्यांना गॉगल आणि नाकावर धुळीचा मास्क मात्र हवाच.

धार आणि कसोटी

शेवटची धार दगडावर, प्रत्येक बाजूला साधारण १५ ते २० अंशांत लावतात. त्यानंतरची कसोटी सोपी आहे. पितळी सळईवर धार हलकेच दाबायची. कड किंचित लवून पूर्ववत झाली तर पातं जमलं. तिचे तुकडे उडाले तर ती ठिसूळ राहिली आहे. वाकलेलीच राहिली तर पोलाद मऊ आहे, आणि अशा वेळी पहिला संशय शेवटच्या घासकामावर घ्यावा.